लोणारचे ऊन आणि भिंगावरची सावली

बुलढाणा जिल्ह्यातील प्राचीन वास्तूंचा जो चित्ररूप दस्तऐवज गेल्या दीडशे वर्षांत जमा झाला, त्यात लोणारचे दैत्यसूदन मंदिर, मेहकरची हेमाडपंती धर्मशाळा, सातगावची देवळे आणि सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवरावांची समाधी यांना मानाचे स्थान आहे. तो दस्तऐवज चाळणारा अभ्यासक त्यातील शिल्पांविषयी, स्थापत्याविषयी आणि कालनिर्णयाविषयी पुष्कळ लिहितो. परंतु काळ्या दगडातील ती नाजूक कोरणी काचेवर इतकी स्वच्छ उमटली कशी, या प्रश्नाकडे तो सहसा वळत नाही. छायाचित्रण ही प्रकाशाची कला आहे, हे सर्वमान्य आहे. तथापि नको असलेला प्रकाश अडविणे हे त्या कलेचे निम्मे अंग असून, वऱ्हाडासारख्या प्रखर उन्हाच्या मुलखात त्यावाचून उरलेले निम्मे निष्फळ ठरते. भिंगाच्या तोंडावर बसविलेली नळी, जिला आज लहानमोठे सारेच छायाचित्रकार हूड म्हणतात, ही त्या दुर्लक्षित अंगाची साधी आणि जुनी खूण होय.

निजामाकडून १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या अंमलाखाली आला आणि त्यानंतरच्या दोन दशकांत या भागातील देवळांच्या भग्नावशेषांकडे सरकारी नजर वळली. छायाचित्रणाची विद्या तेव्हा या देशात नवीच होती. पॅरिसमध्ये दागेरने आपला शोध १८३९ मध्ये जाहीर केला, त्याला पंधरा वर्षे होतात न होतात तोच १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. नारायण दाजींसारखे मराठी गृहस्थ तिच्या कामात भाग घेऊ लागले. परंतु मुंबईच्या मंडळींपेक्षाही बुलढाण्याच्या चित्रेतिहासाशी ज्याचे नाव अधिक जवळचे, तो मेजर रॉबर्ट गिल शेजारच्या अजिंठ्यात, निजामाच्या हद्दीत, मुक्काम ठोकून होता. लेण्यांतील भित्तिचित्रांच्या रंगीत प्रती करण्यासाठी १८४४ मध्ये त्याची नेमणूक झाली होती. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक सर्व लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. आणि जे टिकले, त्यात त्याने कुंचला बाजूला ठेवून हाती घेतलेल्या कॅमेऱ्याची कमाई मोठी आहे. त्याची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्याच दशकात त्याने लोणारची देवळेही टिपली. १८७९ मध्ये तो निवर्तला. त्याचे दफन भुसावळ येथे झाले.

गिलच्या काळातील छायाचित्रकाराचे कष्ट आज कल्पनेत आणणेही कठीण आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या प्लेटच्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर ओतावयाचा, ती रौप्य क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि तत्काळ काळ्या तंबूत शिरून ते प्रकट करावयाचे, असा क्रम असे. आणि उन्हाळ्यात थर अवघ्या काही मिनिटांत वाळू लागला की सारी मेहनत वाया जाई. त्यात या थराचा एक विशेष असा की, तो निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील, तर तांबड्याला जवळजवळ आंधळा. परिणामी निळे आकाश चित्रात कोरे पांढरे उमटे आणि त्याच आकाशाचा प्रकाश, तो चौकटीच्या बाहेरचा असला तरी, भिंगावर तिरपा पडून आत उपद्रव करी.

हा उपद्रव नेमका कसा घडतो, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. साध्या, लेप न दिलेल्या काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. पेट्झव्हालने १८४० मध्ये सिद्ध केलेल्या प्रसिद्ध भिंगात हवेला भिडणारे असे सहा पृष्ठभाग होते. परावर्तित झालेला हा प्रकाश एका काचेवरून दुसरीवर, तेथून नळीच्या भिंतीवर, असा भटकत अखेर प्लेटवर सर्वत्र सारखा पसरतो. ज्या ठिकाणी चित्रात पांढरे आहे, तेथे त्याची भर जाणवत नाही. परंतु जेथे काळोख अपेक्षित आहे, तेथे त्याचा थोडासा अंशही काळ्याचा करडा करून टाकतो. आता बुलढाण्यातील देवळांचा दगड ध्यानी घ्यावा. तो बेसाल्टचा, म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. त्यावरील यक्ष, कीर्तिमुखे आणि नर्तकी यांच्या आकृती काळ्यावर अधिक काळ्या सावलीनेच रेखलेल्या असतात. दैत्यसूदन मंदिराच्या तारकाकृती भिंतीचा एक कोन उन्हात, तर लगतचा सावलीत असतो, आणि सावलीतल्या कोनावरची मूर्ती पाहताना डोळ्याला जो सूक्ष्म भेद कळतो, तो भिंगात शिरलेल्या या धुरकट प्रकाशाने पार पुसला जातो. एरवी ज्या दोषाने चित्र थोडे फिके झाले असते, त्याच दोषाने येथे शिल्पच नाहीसे होते.

यावर उपाय म्हणून त्या काळच्या पितळी भिंगांच्या अग्रभागी काही बोटे लांबीची नळी बहुधा असेच. तिचा अंतर्भाग निस्तेज काळा केलेला असे, आणि भिंगाची काच तिच्यात खोल बसविलेली असे. त्या नळीवरच झाकण बसे, आणि यांत्रिक शटर सर्रास प्रचारात येण्यापूर्वी झाकण काढणे, मनात सेकंद मोजणे आणि ते परत घालणे हीच चित्र घेण्याची रीत होती. नळी अपुरी पडली, तर छायाचित्रकार आपली टोपी, प्लेट झाकावयाची फळी किंवा काळा पुठ्ठा भिंगाच्या वर व किंचित पुढे धरून उभा राही. शेताच्या बांधावरून दूर पाहणारा शेतकरी कपाळावर आडवा तळहात धरतो, तीच ही युक्ती. मात्र ती शिस्तीने करावी लागे. काळ्या फडक्याखाली डोके घालून दुधी काचेवरील उलटे चित्र पाहावयाचे. मग बाहेर येऊन भिंगासमोर उभे राहून काचेवर ऊन पडते काय हे तपासावयाचे. पुठ्ठा हळूहळू खाली आणीत त्याच्या सावलीची कड काचेच्या बाहेर जाईपर्यंत थांबावयाचे. आणि पुन्हा फडक्याखाली जाऊन पुठ्ठ्याची छाया चित्राच्या कोपऱ्यात तर शिरली नाही ना, याची खातरजमा करावयाची. आच्छादन उणे पडले तर धुरकटपणा, आणि अधिक झाले तर कोपरे काळे; या दोहोंमधील अरुंद वाटेने कुशल छायाचित्रकार जात असे.

पुढे रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये कोरड्या प्लेटचा मार्ग दाखविल्यावर प्रवासी छायाचित्रकाराच्या पाठीवरून तंबूचे ओझे उतरले. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व खात्यातील हेन्री कझन्स याने वऱ्हाड व मध्य प्रांतातील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्याच्या १९३१ च्या ग्रंथात लोणार, सातगाव आणि सिंदखेड ही बुलढाण्यातील स्थाने सविस्तर आली. त्या सुमारास प्रचारात असलेले डॉलमेयरचे १८६६ चे रॅपिड रेक्टिलिनियर भिंग वास्तूंच्या कामाला विशेष उपयोगी मानले जाई. रेषा सरळ ठेवण्याचा त्याचा गुण सर्वश्रुतच आहे, परंतु हवेला भिडणारे त्याचे पृष्ठभाग अवघे चार असल्याने भटका प्रकाशही त्यात कमी माजे, हा गुण काळ्या दगडाच्या चित्रणात तितकाच मोलाचा ठरला.

आता लोणारच्या विवराकडे वळू. सी. जे. ई. अलेक्झांडर या अधिकाऱ्याने १८२३ मध्ये ज्याची नोंद केली, आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उल्कापाताने झाल्याचे ज्याविषयी प्रमाणित केले, ते हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर काठावरून सबंध चौकटीत घ्यावयाचे, तर फार रुंद कोनाचे भिंग हवे. येथेच हूडची मर्यादा उघडी पडते; कारण भिंगाचा कोन जितका रुंद, तितका त्याचा हूड उथळ ठेवावा लागतो, अन्यथा तोच चित्रात दिसू लागतो. म्हणून लोणारला येणारा जाणता छायाचित्रकार सावली वस्तूपेक्षा वेळेत शोधतो: सकाळी पूर्व काठावर उभा राहून पश्चिमेकडे पाहतो, दुपार कलल्यावर पश्चिम काठ गाठतो, आणि सूर्य पाठीशी ठेवतो. ऋतूचाही यात वाटा आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात येथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, आणि समोर रोखलेल्या भिंगाला त्याचा थेट उपसर्ग उथळ हूडही टाळतो; उलट जानेवारीचे सौम्य वाटणारे ऊन दक्षिणेकडून तिरपे येत असल्याने भिंगाला अधिक बाधक होते. १२ जानेवारीला सिंदखेड राजा येथे जिजाऊंच्या जन्मोत्सवाची छायाचित्रे सकाळच्या कोवळ्या उन्हात घेणाऱ्याला हूडवाचून गत्यंतर नाही, ते यामुळेच. सूर्य खुद्द चौकटीतच आला, तर मात्र जगातला कोणताही हूड कामी येत नाही.

झाइसच्या कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ मध्ये काचेवर परावर्तनविरोधी लेप देण्याची पद्धती सिद्ध केली, तेव्हा हूडचे दिवस संपले असे कोणासही वाटले असते. आजचा बहुस्तरीय लेप प्रत्येक पृष्ठभागावरचे परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणतो, हे खरे. परंतु आजच्या झूम लेन्समध्ये काचाही पंधरा-वीस असतात, आणि तीस-चाळीस पृष्ठभागांवरचे ते अल्प अंश एकत्र येऊन पुन्हा तोच धुरकटपणा उभा करतात. पाकळ्यांच्या आकाराचा आजचा हूड हे या समस्येचे भूमितीय उत्तर होय: चित्राची चौकट आयताकृती असल्याने लेन्स कोपऱ्यांच्या दिशेला सर्वांत दूरचे पाहते, म्हणून तेथे हूड कापलेला, आणि वरखाली कमी पाहते, म्हणून तेथे तो लांब. शेगावच्या पालखीत किंवा लग्नाच्या वरातीत तो गुलाल, धूळ आणि गर्दीतले धक्के यांपासूनही काचेचे रक्षण करतो. रात्रीच्या मांडवात बाजूने डोळे दिपविणाऱ्या हॅलोजनच्या दिव्यांना तो दिवसाच्या सूर्यासारखाच अडवितो. आणि तरीही पुष्कळ नवशिके तो लेन्सवर उलटा चढवून तसाच ठेवतात, म्हणजे जवळ असूनही त्याचा लाभ घेत नाहीत.

ही हयगय क्षुल्लक नव्हे. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्या रंगाची वार्ता छायाचित्रांनीच सर्वदूर नेली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत दाखविले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. अशा प्रसंगी चित्र हे पुराव्याचे काम करते, आणि भटका प्रकाश काळ्याप्रमाणेच रंगालाही फिके करतो. देवळांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. ऊन, पाऊस आणि माणसाचा हात यांनी दगड झिजत असतो. ती झीज किती झाली हे ठरवावयाचे, तर गिल आणि कझन्स यांच्या चित्रांशेजारी आजचे चित्र ठेवूनच ठरवावे लागते, आणि आजच्या चित्रात मूर्तीचा चेहरा अस्पष्ट असेल, तर तो दगडाने गमावला की भिंगाने, हे शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकाला कोण सांगणार? म्हणून जिल्ह्यातील प्रत्येक छायाचित्रकाराने, तो हौशी असो की धंदेवाईक, या देवळांसमोर उभे राहताना हूड सरळ लावावा, तो अपुरा वाटल्यास हाताची सावली धरावी, आणि चित्रासोबत तारीख, वेळ व उभे राहण्याची जागा लिहून ठेवावी. गिलच्या काळात ज्या कामाला तंबू, रसायने आणि गाडीभर सामान लागे, त्याला आज इतकाच विवेक पुरेसा आहे, आणि ज्या मुलखाने आपला इतिहास काळ्या दगडात कोरून ठेवला, त्याचे एवढे देणे आपण लागतोच.