फावल्या वेळची विद्या : भातखंडे आणि ग्वाल्हेर

पोटासाठी माणूस जे काम करतो त्यावरून जग त्यास ओळखते; परंतु कित्येकदा त्याचे नाव मागे राहते ते दिवसाचे काम आटोपल्यावर हौसेने केलेल्या कामामुळे. आज संगणकाच्या धंद्यातील एखादा अभियंता रात्री घरी बसून आपल्या आवडीची रचना वर्षानुवर्षे करीत असतो, आणि 'यातून मिळणार काय?' असे घरचेच त्यास विचारतात. प्रश्न नवा नव्हे. मुंबईच्या एका वकिलाचे चरित्र पाहताना तोच आमच्या मनात आला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही ग्वाल्हेरास येऊन पोहोचलो.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली वाळकेश्वरी झाला. १८८५ साली ते पदवीधर झाले, १८८७ मध्ये कायद्याची परीक्षा उतरले आणि वकिली करू लागले. त्यापूर्वीच, १८८४ मध्ये, ते मुंबईच्या गायनोत्तेजक मंडळीत जाऊ लागले होते. तेथे उत्तमोत्तम गवई ऐकावयास मिळत. पण ऐकता ऐकता वकिलाची चिकित्सक बुद्धी जागी झाली. एकच राग दोन गवई दोन तऱ्हांनी गात, दोघेही आपल्या गुरूची साक्ष काढीत, आणि जुने संस्कृत ग्रंथ उघडावेत तर त्यांतील वर्णन दोघांशीही जुळत नसे. या विसंगतीचा निवाडा करण्याचे काम त्यांनी आपल्या अंगावर घेतले. कोणी अशील नव्हते. मोबदल्याचे तर नावच नको.

१९०० साली पत्नी व १९०३ साली मुलगी निवर्तली. त्यानंतर घर जणू सुटलेच. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले, १९०७ व १९०८ मध्ये पूर्वेस आणि उत्तरेस फिरले. पोथ्या पाहिल्या, पंडितांशी वाद केले, प्रवासाच्या दैनंदिन्या लिहिल्या. १९१० मध्ये वकिलीही सोडली. 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' या संस्कृत ग्रंथावर त्यांनी स्वतःचे नाव न घालता 'चतुर पंडित' असे नाव घातले. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मात्र गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने मराठीत लिहिली. प्रचारातील रागांची त्यांनी दहा थाटांत मांडणी केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खाली टिंब, तार सप्तकास वर. समेस फुली व खालीस शून्य. एवढ्या थोड्या खुणांत बंदिशीचा सांगाडा कागदावर उभा राहू लागला.

परंतु कागदावर मांडलेली विद्या घराण्याच्या गवयांस मान्य व्हावी कशी? ही परीक्षा ग्वाल्हेरात झाली. ग्वाल्हेर म्हणजे ख्यालगायकीचे माहेर; हद्दूखाँ-हस्सूखाँची गादी. येथे विद्या शिष्याच्या कानात पडे, वहीत नव्हे. गवयास आपली चीज म्हणजे वंशपरंपरेची ठेव. ती उतरवून देणे म्हणजे तिजोरीची किल्लीच परक्याच्या हाती देणे. असे असता शंकरराव पंडितांचे बंधू एकनाथ पंडित यांनी भातखंड्यांस आपल्या घराण्याच्या चिजा दिल्या. महाराज माधवराव शिंदे यांनी आपल्या दरबारचे गवई ही पद्धती शिकण्यासाठी मुंबईस पाठविले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. जानेवारी १९१८ मध्ये ग्वाल्हेरास माधव संगीत विद्यालय उघडले, आणि शंकरराव पंडितांचे शिष्य असलेले हेच राजाभैया पुढे त्याचे प्राचार्य झाले.

सर्वांनी ही वाट धरली असे मात्र नव्हे. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडित यांनी १९१४ सालीच त्याच नगरात आपले स्वतंत्र विद्यालय काढले होते, आणि घराण्याची तालीम आपल्या रीतीने चालविली. खुणांनी स्वर कळतो. पण मींड कशी घ्यावी, समेवर किती अलगद यावे, हे गुरूच्या गळ्यावाचून कळत नाही, हा घराणेदार गवयांचा आक्षेप आम्हांस आजही बिनतोड वाटतो. तथापि ज्या चिजा कोणी लिहिल्याच नाहीत त्यांचे काय झाले, हेही विचारले पाहिजे. 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत सुमारे १,८०० बंदिशी आहेत. त्यांतील कित्येक आज गाणारे, त्या देणाऱ्याचे नावही जाणत नाहीत. पण चीज जिवंत आहे.

१९२६ मध्ये लखनौस मॅरिस कॉलेज निघाले. तेथे भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यापाशी शिकावयास आपल्या कोकणी बोलणाऱ्या घरांतले तरुण गेले : चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, के. जी. गिंडे, दिनकर कायकिणी. यांपैकी कोणाचेही घर ग्वाल्हेरच्या गवयांचे नव्हते. तरीही ग्वाल्हेरच्या चिजा त्यांच्यापर्यंत पोहोचल्या, त्या वहीतून आणि गुरुमुखातून अशा दोन्ही वाटांनी.

भातखंडे १९३६ साली गेले. त्यांनी वकील म्हणून कोणते दावे जिंकले हे आज कोणी सांगत नाही. परंतु देवळाच्या सभामंडपात एखादी मुलगी पेटी पुढे ओढून, पुस्तकातील टिंबांवर व रेघांवर बोट ठेवीत यमनाची चीज बसवू लागते, आणि शेजारी बसलेल्या गुरुजी तिला मध्येच थांबवून तो स्वर गाऊन दाखवितात, तेव्हा तो वकील आणि ते घराणेदार गवई, दोघेही तेथे हजर असतात असे आम्हांस वाटते.