चित्रकथा आणि आत्मकथनांतून लिंगओळखीचा शोध

आपण स्त्री आहोत, पुरुष आहोत की या दोन्हींपलीकडचे आहोत, याविषयी प्रत्येक व्यक्तीच्या मनात असणारी जाणीव म्हणजे लिंगओळख. जन्माच्या वेळी शरीरावरून नोंदवलेल्या लिंगाशी ही जाणीव बहुतेकांच्या बाबतीत जुळते, काहींच्या बाबतीत जुळत नाही. ती बाहेरून दिसत नाही; त्या व्यक्तीने सांगितल्याखेरीज इतरांना कळत नाही. त्यामुळे या विषयात आत्मकथनाला साहित्याबरोबरच पुराव्याचेही मोल प्राप्त झाले आहे. दिल्ली आणि परिसरातील प्रकाशनसंस्था, चित्रकार व न्यायालये यांचा या वाटचालीत मोठा वाटा आहे.

चित्रकथेचे सामर्थ्य

कॉमिक्सच्या एकाच चौकटीत दोन गोष्टी मांडता येतात. जगाला दिसणारे शरीर चित्रात उमटते, तर त्या व्यक्तीचा आतला आवाज शेजारच्या मजकुरात ऐकू येतो. या दोहोंतील विसंगती वाचकाला एका दृष्टिक्षेपात उमगते. शिवाय हे माध्यम स्वस्त आहे. व्यंगचित्रकार शरद शर्मा यांच्या दिल्लीस्थित 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' या संस्थेने चित्रकलेचे शिक्षण नसलेल्या सामान्य माणसांना चार चौकटींत स्वतःची गोष्ट मांडण्यास शिकवले. अशा चित्रकथांच्या छायाप्रती काढून त्या गावातील भिंतींवर लावल्या जातात. मुलगा-मुलगी भेदभाव हा त्यांतील एक प्रमुख विषय आहे.

'कारी' आणि त्यानंतर

अमृता पाटील यांची 'कारी' ही इंग्रजी ग्राफिक कादंबरी २००८ मध्ये हार्परकॉलिन्स इंडियाने प्रसिद्ध केली. भारतीय स्त्रीने लिहिलेल्या व चितारलेल्या आरंभीच्या ग्राफिक कादंबऱ्यांत तिची गणना होते. मुंबईत जाहिरात संस्थेत काम करणाऱ्या कारीचे प्रेम एका स्त्रीवर आहे. 'बाईने कसे दिसावे' याविषयीच्या रूढ कल्पनांतही ती बसत नाही. बहुतांशी कृष्णधवल असलेल्या या पुस्तकात मोजक्या ठिकाणीच रंग येतात. पाटील यांना पुढे केंद्र सरकारचा नारी शक्ती पुरस्कार मिळाला.

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक अत्याचारानंतर स्त्रियांच्या अनुभवांना वाचा फुटली. या पार्श्वभूमीवर दिल्लीच्या 'झुबान' प्रकाशनाने २०१५ मध्ये 'ड्रॉइंग द लाइन' हा १४ चित्रकर्तींच्या चित्रकथांचा संग्रह प्रकाशित केला. त्वचेचा वर्ण, रस्त्यावरील छेडछाड, आदर्श मुलीची प्रतिमा असे विषय त्यात हाताळले आहेत.

परदेशातही या विषयावरील चित्रकथांना मोठा वाचकवर्ग लाभला आणि विरोधही झाला. अमेरिकेतील माया कोबाबे यांचे 'जेंडर क्विअर' हे २०१९ चे चित्रमय आत्मकथन ग्रंथालयांतून काढून टाकण्याची मागणी तेथे वारंवार झाली.

आत्मकथन न्यायालयात

ठाण्यात जन्मलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे आत्मकथन २०१२ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. त्याचे शब्दांकन वैशाली रोडे यांचे आहे. २०१५ मध्ये ते इंग्रजीतही आले. तमिळमध्ये लिहिणाऱ्या ए. रेवती यांचे आत्मकथन त्यापूर्वी, २०१० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले होते.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेत त्रिपाठी यांनी सर्वोच्च न्यायालयात हस्तक्षेप करून आपली बाजू मांडली. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालपत्रात त्यांच्या बालपणापासूनच्या अनुभवांचा समावेश आहे. पुरुष, स्त्री वा तृतीयपंथी अशी आपली ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार या निकालाने मान्य केला. त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदेशीर ठरवण्यात आले.

या विषयाची व्याप्ती लहान नाही. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' अशी नोंद झालेल्यांची संख्या ४ लाख ८७ हजार ८०३ होती.

संसदेने २०१९ मध्ये केलेल्या मूळ कायद्यातही स्वतःला जाणवणाऱ्या ओळखीचा हक्क नमूद होता. मात्र ओळखपत्रासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची, तसेच स्त्री किंवा पुरुष अशा बदललेल्या नोंदीसाठी शस्त्रक्रियेचे वैद्यकीय प्रमाणपत्र सादर करण्याची तरतूद त्यात करण्यात आली. तृतीयपंथी कार्यकर्त्यांनी तिला विरोध केला. माणसाचे स्वतःविषयीचे म्हणणे पुरेसे मानावे की त्यावर अधिकाऱ्याची मोहोर हवी, हा या वादाचा गाभा आहे. चित्रकथांतील आणि आत्मकथनांतील 'मी' या प्रश्नात स्वतःची साक्ष नोंदवतो.