विंडोज रीसेलर होस्टिंग : योजना आणि कंट्रोल पॅनेल निवडताना

रीसेलर होस्टिंग म्हणजे सर्व्हरवरील जागा घाऊक घेऊन ती स्वतःच्या नावाने ग्राहकांना पुरवणे. त्यासाठी विंडोज खरोखर आवश्यक आहे का, हे प्रथम तपासावे. डॉटनेट फ्रेमवर्कवर बांधलेल्या जुन्या संकेतस्थळांना विंडोज सर्व्हर लागतो. डॉटनेट कोअर मात्र लिनक्सवरही चालते.

सीपॅनेल विंडोजवर चालत नाही. तेथे प्लेस्क प्रचलित आहे. मात्र त्यात रीसेलर खाती केवळ ‘वेब होस्ट’ परवान्यातच उघडता येतात. सॉलिडसीपी हा मुक्तस्रोत पर्याय आहे.

डेटाबेसची मर्यादाही पाहावी. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसच्या २०२२ आवृत्तीत प्रत्येक डेटाबेस १० जीबीपर्यंतच वाढतो. प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र ॲप्लिकेशन पूल असावा; अन्यथा एकाच्या बिघाडाचा फटका इतरांनाही बसतो. विंडोज सर्व्हर २०१६ चे विस्तारित साहाय्य १२ जानेवारी २०२७ रोजी संपते, त्यामुळे नवी योजना त्यावर घेऊ नये.

संकेतस्थळ बंद पडल्यास ग्राहक मूळ कंपनीला नव्हे, रीसेलरलाच जाब विचारतो. म्हणून बॅकअप किती दिवस राखला जातो आणि तो स्वतः पूर्ववत करता येतो का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे.