कोल्ह्याने राजा का होऊ नये? प्राण्यांच्या गोष्टींचा आपल्यापासून लपलेला इतिहास

धाराशिव जिल्ह्यातल्या एका वस्तीवरच्या विहारात सुट्टीत वाचनवर्ग चालू होता. पहिली-दुसरीची, नुकतीच जोडाक्षरे फोडू लागलेली मुले. त्यांतल्या कित्येकांचे आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यामुळे शाळा अर्धी आणि फड अर्धा. त्या दिवशी गोष्ट होती निळ्या कोल्ह्याची. कोल्हा निळीच्या पिंपात पडतो, त्याचा रंग पाहून जंगल घाबरते, तो राजा होतो. एक दिवस कोल्हेकुई ऐकून तोही ओरडतो आणि मारला जातो. मुले खदाखदा हसली. एक मुलगी मात्र हसली नाही. तिने विचारले, "सर, कोल्ह्यानं राजा व्हायचंच न्हाय का?"

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नव्हते. तिथे तात्पर्य एवढेच, की खरे रूप लपत नाही. म्हणजे जन्माने कोल्हा तो कोल्हाच. हे वाक्य आपल्या मुलांना कुणाकुणाच्या तोंडून ऐकावे लागते, हे सांगायची गरज नाही.

म्हणून या गोष्टींचा इतिहास पाहू. ही कथा पंचतंत्रातली. पंचतंत्राची चौकट काय? अमरशक्ती राजाचे तीन मठ्ठ मुलगे, आणि त्यांना सहा महिन्यांत राजनीती शिकवणारा विष्णुशर्मा ब्राह्मण. म्हणजे या ग्रंथाचा विद्यार्थी कोण? राजपुत्र. जंगलातले ससे, खेकडे, कोल्हे आहेत, पण ते राज्य कसे चालवावे हे शिकवायला.

आता तीच एक गोष्ट जातकात पाहा. तळे आटत आलेले. बगळा माशांना म्हणतो, "पलीकडे कमळांचे मोठे तळे आहे, एकेकाला चोचीत धरून नेतो." विश्वास बसावा म्हणून एका माशाला तळे दाखवून परतही आणतो. मग रोज एक मासा नेतो आणि झाडाखाली बसून खातो. शेवटी खेकड्याची पाळी येते. खेकडा म्हणतो, "तुझ्या चोचीतून मी निसटेन. मीच तुझ्या मानेला धरतो." झाडाखाली काट्यांचा ढीग दिसताच तो बगळ्याची मान आवळतो, त्याला पाण्याकाठी यायला लावतो आणि मान कापून पाण्यात शिरतो.

ही गोष्ट बुद्ध कुणाला सांगतात? चौकट अशी: जेतवनातला एक शिवणकाम जाणणारा भिक्खू जुन्या चिंध्यांना रंग देऊन, शंखाने घोटून नव्यासारखी चीवरे करी आणि इतरांना फसवी. एका गावातल्या तशाच कारागिराने त्यालाही फसवले. त्या निमित्ताने ही गोष्ट. इथे राजपुत्र नाही. फसणारा आणि फसवणारा दोघे साधी माणसे, आणि ऐकणारा सगळा संघ, ज्याचे दार कुठल्याही जातीला बंद नव्हते.

पुस्तक नव्हते तेव्हा या गोष्टी दगडावर होत्या. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या भारहुत स्तूपाच्या कठड्यावर जातकांची शिल्पे आहेत, आणि पुष्कळ शिल्पांवर ब्राह्मी लिपीत गोष्टीचे नाव कोरलेले आहे. एका शिल्पात झाडावर कोंबडा, खाली मांजरी. मांजरी म्हणते, "खाली ये, मी तुझी बायको होते." कोंबडा म्हणतो, "पिसांचा आणि चार पायांचा संसार जमत नाही." वर चित्र, सोबत नाव. आज पहिलीच्या पुस्तकाची हीच रीत आहे. वेद कानावर पडला तर शूद्राच्या कानात शिसे ओता म्हणणाऱ्या परंपरेसमोर ही उघड्यावरची, सर्वांची शाळा ठेवून पाहा.

हे फार दूरचे नाही. आपल्या जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे. इथले कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाई. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले. तिथल्या त्रिविक्रम मंदिराची मागून अर्धगोल असलेली जुनी वास्तू मूळची चैत्य असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. पण आपल्या पोराला तेर माहीत असते ते फक्त गोरोबाकाकांचे.

मराठी छापील पुस्तके आली तेव्हाही सुरुवातीच्या पुस्तकांत प्राण्यांच्या गोष्टी होत्या. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती 1828 ची. इसाप स्वतः गुलाम होता असे परंपरा सांगते, पण ती पुस्तके वाचायला शाळेत कोण बसत होते? 1882 मध्ये जोतीरावांना हंटर आयोगापुढे सांगावे लागले, की शेतकऱ्यांच्या पैशावर वरच्या वर्गाची मुले शिकतात, सक्तीचे प्राथमिक शिक्षण द्या. आपल्याकडे निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, म्हणजे मराठी पोराला आणखी एक भिंत.

आता कुणी म्हणेल, जातक आपले म्हणून सगळे चांगले का? नाही. सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव जातकातही आहे. कोंबडा-मांजरीची गोष्ट तिथे स्त्रीच्या मोहापासून सावध करायला सांगितली आहे, आणि ते आपण मान्य करू नये. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे खुद्द बुद्धानेच कालामांना सांगितले. दुर्गा भागवतांचे 'सिद्धार्थ जातक' मराठीत आहे. ते आणावे, चिकित्सेने निवडावे आणि लहानांसाठी सोपे करून लिहावे. हे काम आपले आहे. दुसरे कुणी करणार नाही.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. मी पंचतंत्र पुन्हा उघडले. तिथे लिहिले आहे, की राजा झाल्यावर त्या कोल्ह्याने पहिल्यांदा सगळ्या कोल्ह्यांना राज्यातून हाकलले आणि वाघ-सिंहांना जवळ केले. म्हणून तो ओरडला तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहायला कोणीच नव्हते. 18 मार्च 1956 रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकून मोठे झालेल्या आणि समाजाला विसरलेल्या लोकांबद्दल जे दुःख बोलून दाखवले, ते आठवा.

पुढच्या वर्गात मी तिला सांगितले, "बाळा, कोल्ह्यानं राजा जरूर व्हावं. रंग न लावता व्हावं. आणि आपल्या माणसांना हाकलू नये."

तात्पर्य बदलले, की गोष्ट आपली होते.

जय भीम.