गायरानातली पावती

अमेरिकेत लिंकन यांनी १८६२ साली होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर जमीन, नाममात्र फी; पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करायचे. जमीन मुळात कोणाची होती, हे त्या कायद्याने विचारलंच नाही.

आता आपल्या मराठवाड्यात या. इथेही माणसं पडीक जमिनीवर गेली, पण ती गावची गायरानं होती आणि जाणारे बहुतेक दलित, भटके, भूमिहीन. दादासाहेब गायकवाडांनी ६ डिसेंबर १९६४ ला भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. तिकडे सरकारने बोलावून जमीन दिली; इकडे तेच कसणं अतिक्रमण ठरलं. तलाठ्याने गावनमुना १-ई मध्ये नाव चढवायचं, दंड व्हायचा.

आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा! १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं, तेव्हा पुरावा म्हणून कामाला आली ती हीच दंडाची पावती. गुन्ह्याचा कागद हक्काचा कागद झाला. ज्याला दंडच झाला नाही, किंवा ज्याची पावती पावसात भिजली, त्याने वीस वर्षं औत हाकलं असलं तरी कागदावर तो तिथे नव्हताच.

पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं. सरकारी आदेशाने भूमिहीनांना पट्टा मिळाला असेल, तर मात्र अपवाद. म्हणजे पुन्हा कागदच.