घाटकोपर ते मळवली

भिंतीवरच्या तसबिरीतला देव सगळे पाहतात, त्याच्या मागचा डोंगर फारसा कोणी पाहत नाही. रविवर्मा छापखान्याची वाटचाल सांगायची तर मी त्या डोंगरापासून सुरुवात करीन.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली हा शिळाछापखाना मुंबईत काढला. भागीदार गोवर्धनदास खटाव मखनजी, तंत्रज्ञ जर्मन आणि पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. मुंबईतले दिवस घाटकोपरचे. घाटाच्या कोपऱ्यावरचं म्हणून घाटकोपर, असं लोक सांगतात. कारभार धाकटे बंधू सी. राजराजवर्मा पाहत. ते स्वतः निसर्गचित्रकार. थोरल्याच्या चित्रांतलं आभाळ, झाडी, खडक पुष्कळदा त्यांच्या हातचे, पण घरोघरी नाव झालं थोरल्याचं.

‘गंगावतरण’ हे चित्र जरा निरखून पाहा. युरोपात फ्रीडरिख, टर्नर या चित्रकारांनी निसर्गापुढे माणूस मुंगीएवढा करून टाकला. इथे खडकावर शंकर पाय रोवून, कमरेवर हात ठेवून उभा आहे, नजर वर आणि आभाळातून गंगा झेपावते आहे. बाजूला भगीरथ, नंदीला रेललेली पार्वती. निसर्गाचा दरारा तेवढाच, पण तो झेलायला कोणीतरी आहे. हिमालय चाळीतल्या खोलीत मावला तो या युक्तीनं.

छापणं मात्र कटकटीचं. दर रंगाला वेगळा दगड, त्यावर चित्र उलटं, आणि कागद प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला की चेहरा बिघडला. डोंगर तेवढं खपवून घेत असावा, असा माझा आपला तर्क.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९९ च्या सुमारास छापखाना बोरघाट चढून मळवलीला गेला. एका अंगाला लोहगड-विसापूर, दुसऱ्या अंगाला कार्ल्याची लेणी. खरा डोंगर दाराशी आला, पण धंदा टेकीला आला होता. थोड्याच वर्षांत छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. १९०५ मध्ये राजराजवर्मा गेले, १९०६ मध्ये रविवर्मा. श्लायशर यांनी देवांबरोबर मालाची लेबलं आणि जाहिरातीही छापल्या. पुढे सिनेमा काढणारे दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केलं.

१९७२ च्या आगीत कारखाना जळाला, कितीतरी मूळ छापे गेले. जुन्या तसबिरीच्या तळाशी बारीक अक्षरांत कार्ला-लोणावळा अजून वाचता येतं, चौकटवाल्यानं कड कापली नसेल तर.