रस्त्यावरील छत : सोलापूर परिसरातील उंच वाहतूक, नकाशे आणि मार्गदर्शक उपकरणाची निवड

बीजसंज्ञा : मोकळी उंची, नंदीध्वज, लोहमार्ग, भूमापन, कॅराव्हॅन, नॅव्हिगेशन उपकरण

प्रस्तावना

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्यानंतर फिरते घर घेऊन प्रवास करण्याची कल्पना या राज्यात चर्चेचा विषय झाली. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, नळदुर्ग आणि विजयपूर ही स्थळे एका फेरीत जोडणारे सोलापूर या दृष्टीने सोयीचे केंद्र ठरते. मात्र मोटारीमागे उंच कॅराव्हॅन जोडून निघणाऱ्या प्रवाशापुढे एक व्यावहारिक प्रश्न असतो : वाट दाखविण्यासाठी कोणते उपकरण विश्वासाने जवळ ठेवावे? हा प्रश्न वरकरणी बाजारपेठेचा वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी इतिहासाचा प्रश्न दडलेला आहे. रस्ता कोठे जातो हे नकाशा अचूक सांगतो, परंतु रस्त्याच्या वर काय आहे याविषयी तो बहुधा मौन बाळगतो. हे मौन कोठून आले, याचा शोध सोलापूर परिसराच्या आधारे घेता येतो.

उघड्या आकाशाखालील वाट

रेल्वेपूर्व काळात अवजड ओझ्याला भीती होती ती खालून. मलिक-ए-मैदान या प्रसिद्ध तोफेचा प्रवास हे त्याचे ठळक उदाहरण आहे. इ. स. १५४९ मध्ये अहमदनगर येथे महंमद बिन हसन रूमी याने ओतलेली, सुमारे ५५ टन वजनाची ही तोफ परंड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये आदिलशाहीतील मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे तिला जुंपली होती, असे परंपरेने सांगितले जाते. आकडे अतिशयोक्त असू शकतील. पण वाटेचे स्वरूप त्यावरून ध्यानात येते. परंड्याहून विजापूरकडे जाताना आजचा सोलापूर जिल्हा आडवा येतो आणि भीमा ओलांडल्यावाचून गत्यंतर नसते. नदीचा उतार, काळ्या मातीचा चिखल, नाल्याची दरड हेच या वाहतुकीपुढील प्रश्न होते. गावाच्या वेशी आणि किल्ल्यांचे दरवाजे वगळले, तर रस्त्याला छत नव्हते.

उंचीची खरी जाण सोलापूरला होती ती वेगळ्या कारणाने. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या नावाने मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. कुंभारकन्येने सिद्धरामांशी विवाहाची इच्छा व्यक्त केली, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावून दिला, अशी आख्यायिका आहे; नंदीध्वज हे त्या योगदंडाचे प्रतीक मानले जातात. सुमारे तीस फूट उंचीची ही काठी कमरेच्या पट्ट्याच्या आधाराने उभी तोलून धरली जाते. उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यापासून निघून अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेची वाट तिला चालायची असते. मानकरी यात्रेआधी सराव करतात. कोणते वळण अरुंद, कोठे तार किंवा फांदी आडवी, याचे ज्ञान ही वाट पायांनी तुडविणाऱ्यांजवळ असते. मोकळ्या उंचीचे मार्गज्ञान म्हणतात ते हेच. ते कागदावर नसते. ते एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे सोपविले जाते. धार्मिक परंपरेकडे वाहतुकीच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहणे काहींना रुचणार नाही, परंतु या विषयापुरता याहून बोलका स्थानिक दाखला मिळणे कठीण आहे.

लोहमार्ग आणि रस्त्यावर आलेले छत

१८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरपर्यंत आली. १८७१ मध्ये रायचूर येथे ती मद्रास रेल्वेला मिळाली. भराव घालून नेलेल्या लोहमार्गाने जुने रस्ते छेदले गेले आणि बैलगाडीची वाट काही ठिकाणी रुळांखालच्या बोगद्यातून जाऊ लागली. पुढे तारायंत्राच्या व नंतर विजेच्या तारा आल्या. अशा प्रकारे रस्त्याला प्रथमच व्यापक प्रमाणावर छत लाभले. हे बोगदे गाडीबैलांच्या मापाने बांधले गेले होते. त्यांखालून एके दिवशी चार मीटर उंचीचा ट्रक जाईल, हे त्या अभियंत्यांच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते.

विशेष म्हणजे रेल्वेने स्वतःपुरता हा प्रश्न आरंभापासून सोडविला होता. डबा किती रुंद, किती उंच, बोगदा किती मोकळा, याची मापसूची प्रत्येक मार्गासाठी ठरलेली असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची १८९७ ची बार्शी लाइट रेल्वे हे जिल्ह्यातीलच उदाहरण होय. अडीच फुटी रुळांमुळे तिच्या वाहनांची मापे वेगळी होती आणि रुंद मार्गावरील डबा कुर्डुवाडीच्या पुढे जाऊ शकत नव्हता. माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. कोणते वाहन कोणत्या वाटेवर चालेल, हे चालकाच्या अंदाजावर सोडलेले नव्हते.

रस्त्याच्या बाबतीत असा विचार फार उशिरा झाला. उड्डाणपूल वा बोगद्याखाली ग्रामीण भागात किमान ५ मीटर व शहरी भागात ५.५ मीटर मोकळी उंची असावी, असे मानक इंडियन रोड्स काँग्रेसने १९७४ मध्ये दिले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ ने सर्वसाधारण वाहनाची उंची ३.८ मीटर आणि कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरची ४.२ मीटर अशी मर्यादा घातली. २०२० च्या दुरुस्तीने यांतील काही मर्यादा वाढल्या. विद्युतीकरण झालेल्या लोहमार्गाच्या फाटकाआधी ४.६७ मीटरवर उंचीमापक कमान उभी केली जाते, तीही रेल्वेकडून. जुने बांधकाम मात्र मानक आले म्हणून उंच होत नाही. उलट डांबराचे थरावर थर चढत गेले की पुलाखालची उंची घटत जाते आणि फलकावरचा आकडा तसाच राहतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या तारा झोळतात, ही गोष्ट तर कोणत्याच फलकावर नसते.

नकाशाचे मौन

भारतीय सर्वेक्षण विभागाची परंपरा १७६७ पासूनची आहे. त्याच्या स्थलदर्शक नकाशांवर बांधाची सापेक्ष उंची, नाल्याच्या काठाची खोली असे तपशील आकड्यांत आढळतात. पूल व रस्ता दोन्ही दाखविले जातात. पण पुलाखाली किती मोकळी जागा आहे, हे सहसा लिहिलेले नसते. महसूल आणि सैन्य यांच्या गरजांतून घडलेल्या या नकाशाशास्त्राने मलिक-ए-मैदानच्या काळातील भीतीच पुढे चालविली, असे म्हणण्यास हरकत नाही. धोका पायाखाली आहे, हेच त्याचे गृहीतक राहिले.

याउलट आकाशमार्गाची शिस्त पाहावी. विमानतळाभोवतीच्या उंच बांधकामांची उंची मोजली व नोंदली जाते. सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी विमानसेवेस अडथळा ठरते, या कारणाने १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. तिच्यावरून शहरात मोठा वाद झाला. त्या वादाचे गुणदोष हा येथे विषय नाही. विमानाच्या वाटेवरील अडथळ्याची उंची मीटरमध्ये मांडून वाद घालता येतो, रस्त्यावरील अडथळ्याची तशी नोंदच बहुतांशी नसते, एवढाच मुद्दा.

उपकरणाची निवड

मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांतील हेतुपुरस्सर अस्पष्टता काढून टाकली आणि मोटारीत बसविण्याची मार्गदर्शक उपकरणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. भारताच्या नाविक प्रणालीचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये अवकाशात गेला. स्थाननिश्चितीचा प्रश्न त्यामुळे जवळजवळ सुटला. पण उपग्रह वाहन कोठे आहे ते सांगतो. डोक्यावर काय आहे ते नव्हे. ते सांगण्यासाठी नकाशात माहिती भरलेली असावी लागते.

म्हणूनच पडद्याचा आकार वा किंमत यांपेक्षा पहिली कसोटी ही की, उपकरणात वाहनाची उंची, रुंदी, लांबी आणि वजन नोंदविता येते काय. भ्रमणध्वनीवरील गूगल मॅप्समध्ये उंचीनुसार मार्ग निवडण्याची सोय नाही. त्याच्या दृष्टीने छोटी मोटार आणि तिच्यामागची उंच कॅराव्हॅन एकच. गार्मिन व टॉमटॉम या कंपन्यांनी कॅम्परसाठी केलेल्या उपकरणांत ही सोय असते. परंतु ते उपकरण येथील रस्त्यांची उंची जाणत नसेल, तर भरलेला आकडा निरुपयोगी ठरतो. म्हणून खरेदीपूर्वी भारताचा नकाशा आणि त्यातील उंचीमर्यादांची नोंद तपासणे अगत्याचे आहे. परिचयातल्या एखाद्या कमी उंचीच्या बोगद्यापलीकडचे ठिकाण निवडून, उपकरण त्याखालूनच वाट सुचविते की वळसा देते, हे पाहिले की परीक्षा होते. आंतरजालाविना चालणारा नकाशा असणेही आवश्यक. नकाशा किती ताजा आहे हेही पाहावे, कारण २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि पुणे-हैदराबाद रस्ता ९ चा ६५ झाला. ढाब्यावर विचारपूस करताना जुनाच क्रमांक ऐकू येण्याचा संभव असतो.

२००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात रस्त्याच्या कमाल उंचीची नोंद कोणाही नागरिकास करता येते आणि ऑसमअँडसारखे अनुप्रयोग वाहनाची उंची विचारात घेऊन वाट काढू शकतात. नंदीध्वजाच्या मानकऱ्यांजवळ किंवा हंगामात उसाने शीगोशीग भरलेला ट्रक हाकणाऱ्या चालकाजवळ जे ज्ञान असते, ते नकाशात उतरण्याचा हा एक मार्ग आहे. भूगोल विभागाचे विद्यार्थी फीत घेऊन शहरातील लोहमार्गाखालचे बोगदे मोजू शकतील. रहदारी सांभाळून करावयाचे हे काम फारसे खर्चिक नाही.

ओढगाडीच्या बाबतीत एक अडचण मात्र कोणतेही उपकरण दूर करीत नाही. मोटारीत खाली बसलेल्या चालकास मागील वाहनाची उंची जाणवत नाही, आणि कमी उंचीच्या पुलापाशी अडकल्यावर जोडवाहन मागे घेणे एकेरी वाहनापेक्षा कितीतरी अवघड असते. सबब सामान भरून झाल्यावर, छतावरील वातानुकूलन यंत्र व अँटेना धरून, जमिनीपासून सर्वांत उंच बिंदूपर्यंत माप घ्यावे, उपकरणात त्याहून वीतभर अधिक आकडा भरावा आणि तोच आकडा मीटर व फूट दोन्हींत लिहून चालकाच्या समोर चिकटवावा.